किरकोळाच्याही खाली

"गळा नाही हो धरला, कॉलर धरली होती," डार्ला म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती, आणि तिन्ही वेळा अगदी त्याच शब्दांत.

मार्लिस हापाला म्हणजे आमच्या काउंटीच्या सरकारी वकीलबाई. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर दवाखान्याचा कागद होता. मंगळवारी डार्लाच्या गळ्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटलेला होता, असं नर्सनं लिहून दिलं होतं. आज शुक्रवार. डार्लानं हनुवटीपर्यंत येणारा स्वेटर घातला होता.

"जरा खाली कर बघू तो."

"थंडी आहे."

"हे बघ, पोरी. नवऱ्यानं गळा दाबला, श्वास अडला, तर गंभीर गुन्हा. क्लेटन तुरुंगात जातो. नुसतं मारलं असेल तर किरकोळ. तुरुंग टळेल एखाद्या वेळेस, पण बायकोवर हात उचलला अशी नोंद झाली की बंदूक गेली, ती जन्मभरासाठी. आणि तुम्ही नवरा-बायको मागताय ते किरकोळाच्याही खालचं. 'गोंधळ घातला.' दारू पिऊन चौकात गाणी म्हणणाऱ्याला लावते मी ते कलम. दंड भरायचा, जप्त झालेली बंदूक उचलायची, घरी जायचं."

"तेच द्या."

"अगं, मार तू खाल्लास ना?"

"हातानं मारलं. त्यात बंदुकीचा काय दोष?"

उद्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता. आमच्याकडे त्या आठवड्यात न्हावी दुकान उघडत नाही, आणि पाद्रीबुवा शिकारीच्या नारिंगी जाकिटावरच झगा चढवून दहा मिनिटांत प्रवचन उरकतात. त्या दिवशी ज्याच्या हातात बंदूक नाही, तो गावाच्या लेखी मेल्यात जमा.

"फ्रीजर रिकामा आहे," डार्ला म्हणाली. "दोन हरणं पडली की पोरांचा हिवाळा निघतो. मटण तुम्ही आणून देणार आहात का?"

"हे तुझ्याकडून कुणी पाठ करून घेतलं?"

डार्लानं मान खाली घातली. "काल सासूबाई कोठडीत भेटून आल्या त्याला. त्याचा निरोप आहे. जामीन तर होणारच, म्हणाला. मग बंदूक नसली तर मोसमभर घरातच. तू आणि मी, दोघंच."

"मी त्याला सोडणार नाही, डार्ला."

"किती दिवस?"

जामीन द्यायचा की नाही, हे मार्लिसच्या हातात नव्हतं. आणि डार्ला साक्षीला उभी राहून 'कॉलर' म्हणाली की नर्सच्या कागदाला कुत्रं विचारणार नव्हतं. निकाल देणारे बारा जण गावातलेच, बाराही जण शिकारीला जाणारे. मार्लिसनं 'गोंधळ घातला' या कलमावर सही केली. लाज वाटली तिला, पण केली.

न्यायाधीशांनी चार मिनिटांत मंजुरी दिली. उद्याच्या शिकारीसाठी तेही घड्याळाकडेच बघत होते.

शेरीफच्या माणसानं व्हरांड्यात बंदूक आणून दिली. क्लेटननं ती खांद्याला अडकवली आणि टोपीला हात लावला. "उपकार झाले, मार्लिसबाई. मोठं जनावर पडलं तर एक तंगडी तुमची." मग तो गाडी गरम करायला बाहेर गेला.

डार्ला मागं कोटाची बटणं लावत राहिली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मार्लिस म्हणाली, "पोरांना बरं वाटेल, बाप घरी आला म्हणून."

"पोरं नाहीत घरी. काल डुलुथला बहिणीकडे पोचवली."

"सोमवारी शाळा नाही का त्यांची?"

"तिथल्याच शाळेत घालेल ती. कपडे सगळे दिलेत बरोबर. थंडीचे, उन्हाळ्याचे."

"उन्हाळ्याचे? आत्ताच कशाला गं?"

बाहेर क्लेटननं हॉर्न दिला.

"पुढच्या वर्षीचेपण दिलेत," शेवटचं बटण लावत डार्ला म्हणाली. "एक माप मोठे घेऊन."