कालवडीची नोंद

“जन्म झाला त्या वेळचा लेखी कागद पाहिजे,” तहसील कार्यालयातले अव्वल कारकून त्रिंबकराव म्हणाले आणि त्यांनी फाइल तिसऱ्यांदा आम्रपालीच्या बाजूला सरकवली.

उशिरा जन्मनोंद करून घेण्याच्या त्या फाइलीत बाकी सगळं होतं. ग्रामपंचायतीचा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, पोलिसांचा चौकशी अहवाल, दहावीचं प्रमाणपत्र, नेदरलँड्सच्या विद्यापीठाचं पत्र. भूजलाचा अभ्यास करायला तिला तिथं शिष्यवृत्ती मिळाली होती. व्हिसाच्या मुलाखतीला सहा दिवस उरले होते आणि मागितलेल्या कागदांत जन्मदाखल्याला पर्याय दिलेला नव्हता.

“कागद कुठून आणू, सायेब?” तिची आई भामाबाई म्हणाली. “ही दवाखान्यात न्हाई झाली. दुष्काळात जनावरांच्या छावणीत झाली. दगडाबाई सुईणीनं नाळ कापली. ती बी आता न्हाई.”

“मग पुरावा काय?”

“मी हाय की.”

“तुम्ही आई आहात, बाई. आईचा शब्द पुराव्यात धरत नाहीत.”

“मंग कुणाचा धरतेत?”

त्रिंबकरावांनी फाइल मिटली. मायलेकींच्या मागं बद्रीनाथ उभा होता, तो पुढं झाला. गावच्या दूध सोसायटीचा तो जुना सेक्रेटरी. २००३ सालच्या दुष्काळात सोसायटीनंच ती छावणी चालवली होती. पुढं सोसायटी बंद पडली आणि तिची रजिस्टरं बद्रीनाथच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडून राहिली. त्यातलं एक त्यानं पिशवीतून काढलं, हवं ते पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

त्रिंबकरावांनी चष्मा लावून वाचलं. “‘चौदा मे. भामाबाई शहादेव. तांबडी गाय पहाटे व्याली. कालवड. कपाळावर पांढरा ठिपका. चारा दोन किलो वाढवला.’ खाली जनावरांच्या डॉक्टरांची सही.” त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. “रेकॉर्ड चांगलं ठेवलंय. पण हे कालवडीचं झालं. मुलीचं कुठंय?”

“न्हाई,” बद्रीनाथ म्हणाला. तो खाली बघत होता. “ही बी त्याच पहाटं झाली. डॉक्टरसंगं नोंदी घ्यायला मीच गेलतो. भामाबाई ताडपत्रीखाली पडलेली, पोरगी कुशीत. म्हनली, भाऊ, पोरीचं बी लिवा. मी हसलो. म्हनलो, बाई, छावणी जनावरांची हाय. माणसाचा रकाना न्हाई हितं.”

“डॉक्टरनं कालवडीची नाळ बघितली, औषध लावलं,” भामाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी तिथनं चार हातांवर पडले व्हते. मला पाणी बी इचारलं न्हाई कुणी.”

त्रिंबकरावांनी चष्मा काढला. “वाईट झालं, बाई. पण नियमात बसत नाही. माझा इलाज नाही.”

“ठीक आहे,” आम्रपाली म्हणाली. “मग तसं लिहून द्या.”

“काय लिहून देऊ?”

“कशामुळं नाकारलं ते. मला तिकडं दाखवावं लागेल. लिहा, चौदा मेच्या पहाटे भामाबाईच्या गाईला कालवड झाली, याचा पुरावा कार्यालयास मान्य आहे. त्याच पहाटे भामाबाईला मुलगी झाली, याचा पुरावा नाही.”

“असं कसं लिहिता येईल?”

“यात खोटं काय आहे ते सांगा. तेवढं खोडते.”

 तिनं त्यांच्यावरची नजर काढली नाही.

त्रिंबकरावांनी कोरा कागद ओढला. तारीख टाकली. ‘कालवड झाली’ इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. रांगेतली माणसं पुढं वाकून बघायला लागली होती. घोंगडीवाला एक म्हातारा म्हणाला, “लिवा की, सायेब. काहून थांबलात?”

त्रिंबकरावांनी कागद चुरगळला. फाइल आणि रजिस्टर उचलून ते आत तहसीलदार साहेबांकडं गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा भामाबाईकडं न बघता बद्रीनाथला म्हणाले, “छावणी तुमच्या ताब्यात होती. मूल डोळ्यांनी पाहिलं, असा जबाब तुम्ही द्या. तेवढ्यावर साहेब आजच आदेश काढतात.”

“म्हंजी ह्यांचा धरतेत,” भामाबाई म्हणाली.

त्रिंबकरावांनी बद्रीनाथपुढं कोरा कागद सरकवला.

बद्रीनाथ बाकड्यावर बसला. चार ओळींच्या जबाबाला त्यानं बराच वेळ लावला. दोनदा खोडलं. शेवटी सही करून त्यानं तो कागद आधी भामाबाईपुढं धरला, तिनं वाचावा म्हणून. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवत सगळा वाचला आणि परत दिला. 

दुपारी आदेशावर सही झाली. त्रिंबकरावांनी पोचवहीत भामाबाईची सही घेतली, आणि जरा मोकळं वाटलं म्हणून की काय, विचारलं, “त्या कालवडीचं मग काय झालं हो, बाई?”

भामाबाईनं पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं.

“धारूरच्या बाजारात इकली. घेणाऱ्यानं दात बघून वय धरलं. दाखला न्हाई मागितला.”