एका बुलेटमध्ये एकच माणूस
“एका बुलेटमध्ये एकच माणूस, बाबा. नोकरी तुम्हाला हवीय ना?” असं म्हणत रेवतीने वडिलांच्या रेझ्युमेतल्या प्रत्येक बुलेट पॉइंटमधून त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदाराचं, हरेश्वरकाकांचं नाव उडवलं. नंदकुमारने तो तसाच छापून घेतला. भांडुपच्या कारखान्यात उभी केलेली पॅकिंग लाइन, निम्म्यावर आणलेला वाया जाणारा माल, सगळं आता कागदावर त्याने एकट्याने केलं होतं. कारखाना बंद पडल्यावरची पहिली मुलाखत, जागा एकच. अंधेरीच्या ऑफिसात शिरतो, तर सोफ्यावर हरेश्वर! “नंदू, तूपण? झकास! हा माझा रेझ्युमे बघ, पोराने बनवून दिलाय.” त्याच्या कागदावर बुलेट वाकडेतिकडे होते, प्रत्येकापुढे मात्र लिहिलं होतं, ‘नंदकुमार यांच्यासोबत’. “तुझा दाखव की.” नंदकुमारने फाइल मांडीवर पालथी दाबून धरली. “घरी विसरलो रे.” “वाट लागली! थांब, खालून माझ्याच रेझ्युमेची झेरॉक्स आणतो.” हरेश्वर उठलासुद्धा. “वरचं नाव खोड, तुझं लिही, खाली तुझ्याऐवजी माझं. काम तर आपण दोघांनीच केलंय ना!”