कामिनीची ओळ

श्रीधरने सुंठेचा तुकडा गालात धरला, वरचा सूर हळूच लावून पाहिला आणि तो फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. चार वाजून गेले होते. सरकत्या जिन्याखाली त्याची पेटी मांडून झाली होती, पुढे स्टीलचा डबा ठेवून झाला होता, आणि गोपाळराव अजून आले नव्हते. आज ते आलेच नाहीत तर बरं, असं त्याच्या मनात आलं. तसं मनात आल्याचं लगेच वाईटही वाटलं.

श्रीधरची सगळी कमाई त्याच्या गळ्यात होती. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं तो पुरुषाच्या आणि बाईच्या, दोन्ही आवाजांत गायला. ऑर्केस्ट्रा बुडाला, तेव्हा या शॉपिंग सेंटरमधला हा कोपरा मिळाला. चार ते सात गायचं, येणारे-जाणारे डब्यात टाकतील ते आपलं. लोक पिशव्या घेऊन जिना चढता चढता वळून बघत, बाईचा आवाज या मिशीवाल्याचा आहे हे कळलं की हसत, मोबाइलवर टिपून घेत आणि वर निघून जात. अख्खं गाणं ऐकायला कोणाला सवड होती?

सवड होती ती एकट्या गोपाळरावांना. सत्तरी उलटलेले, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. पांढरी काठी टेकत ते दारापर्यंत येत आणि बंटी वॉचमन त्यांना समोरच्या बाकावर आणून बसवी. पहिल्या दिवशी गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, "बाई लय गोड गातात. नाव काय त्यांचं?"

श्रीधरच्या अंगात मस्ती आली. "कामिनी," तो म्हणाला.

थट्टा एका दिवसाची होती. पण दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने दोन संत्री आणली, एक श्रीधरला आणि एक बाईंना. तिसऱ्या दिवशी बाईंची तब्येत विचारली. श्रीधरला, जेवला का, एवढंसुद्धा विचारणारं कोणी उरलं नव्हतं. सक्करदरा वस्तीतल्या त्याच्या खोलीचं कुलूप सकाळी त्यानेच लावायचं आणि रात्री त्यानेच उघडायचं. मग कामिनी वाढतच गेली. ती परक्यांशी बोलायला लाजते. ती रुसली आहे. ती बहिणीकडे गेली आहे. असा दोन वर्षं संसार चालला. खोलीवर गेल्यावर श्रीधर एक संत्रं खायचा आणि दुसरं फळीवर ठेवायचा, ते सुकून जाईपर्यंत. वेडेपणाच होता, पण ठेवायचा.

गोपाळरावांचा कान मात्र पक्का होता. ते बाईंसाठी निरोपही देत. "बाईले म्हणा, वर जाताना खांदे नोका उचलू. आवाज कोंडते." श्रीधर चपापला होता, कारण खांदे तो खरंच उचलायचा. हे कुठे शिकलात, असं त्याने विचारलं, तर जवानीत खडी गंमतीच्या, म्हणजे सगळ्या गडीमाणसांच्या तमाशाच्या, पार्टीत गावोगाव फिरलो, एवढंच ते म्हणाले. तिथे काय करायचात, या प्रश्नावर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सावरला आणि संत्र्यांचा विषय काढला.

आज ते आले तेव्हा त्यांच्या हातात काठीसोबत कापडी पिशवीही होती. बंटीने त्यांना बसवलं. त्यांची मुलगी चारुशीला त्यांना कायमचं उमरेडला घेऊन चालली होती. संध्याकाळची बस होती आणि ती बाहेर ऑटोत थांबली होती.

"आता येणं नाही होणार गा, श्रीधरभाऊ," ते म्हणाले. "आज ते पाणवठ्याचं गाणं होऊन जाऊ द्या. दोघांचं."

कामिनीला ताप आहे, हे वाक्य श्रीधरने सकाळपासून घोकून ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि अडकलं. खरं सांगावं, तर दोन वर्षं एका आंधळ्या माणसाला फसवलं, हेच ओझं घेऊन म्हातारा बसमध्ये चढणार. निदान कामिनी तरी त्याच्याबरोबर धड जावी, असं श्रीधरला मनापासून वाटलं.

"गाते ना," तो म्हणाला. "इथंच बसून आहे."

त्या गाण्यात वाटसरू गावाचं नाव विचारतो आणि पाणी भरणारी बाई त्याला उत्तर देते. श्रीधरने विचारणारी ओळ बरी गायली. मग कामिनीची ओळ आली. त्याने डोळे मिटले, खांदे उचलले आणि सूर ओढला. गळ्यातून नुसता वारा बाहेर आला. तो खोकला. पुन्हा ओढला. पुन्हा वाराच. बोटं पट्ट्यांवर चालत राहिली आणि पेटी एकटीच वाजत राहिली. जिन्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

समोरच्या बाकाकडे बघायची त्याची हिंमत होईना. संपलं, कामिनी गेली आणि तिच्याबरोबर गोपाळरावही गेले. दुसरं काही सुचेना म्हणून त्याने आपलीच ओळ पुन्हा गायली, गावाचं नाव पुन्हा विचारलं.

गोपाळरावांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतला, मान जराशी तिरपी केली आणि कामिनीची ओळ उचलली. हुबेहूब बाईच्या आवाजात, थेट वरच्या सुरापर्यंत, खांदे न उचलता.