तेवढ्यापुरती डेमोक्रॅट

"तू डेमोक्रॅट आहेस, आडेल," ग्लेंडानं मतदारयादीवर पट्टी ठेवत सांगितलं.

"मी कुणाचीच नाही. जन्मात कधी नव्हते. मला रिपब्लिकनची मतपत्रिका दे, बाहेर पोरगी ताटकळतेय."

पोरगी म्हणजे रेने. राज्याच्या विधिमंडळासाठी तिला त्या पक्षाची उमेदवारी हवी होती, आणि त्यासाठी ती सकाळपासून टाउन हॉलसमोर वाऱ्यात स्वतःच्या नावाची पाटी धरून उभी होती. उन्हाळाभर दारोदार फिरून तिच्या बुटांचे तळ गेले होते. ग्लेंडाला हे सगळं ठाऊक होतं. रेनेच्या बाप्तिस्म्याचा केक तिनंच केला होता. तरी पट्टी काही हलेना.

"जानेवारीत कुठली घेतली होतीस?"

आडेलनं कपाळावर हात मारला. न्यू हॅम्पशरमध्ये कुठल्याच पक्षाचं नसलेल्यालाही पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, घरातल्या निवडणुकीत मत देता येतं. आत शिरताना एका पक्षाची मतपत्रिका घ्यायची, तेवढ्यापुरतं त्याचं व्हायचं, आणि जाताना दाराजवळच्या टेबलावर सही करून पुन्हा कुणाचंच नाही व्हायचं. जानेवारीत, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वेळी, एका माणसाला पाडायचंच म्हणून तिनं हौसेनं डेमोक्रॅटची घेतली होती. तो माणूस पडला नाहीच. बाहेर बर्फ सुरू झालं होतं, नवरा आधी सही करून ट्रकमध्ये जाऊन बसला होता आणि भोंग्यावर भोंगा वाजवत होता. तिची सही राहिली.

"मग आत्ता करते."

"मुदत जूनमध्येच संपली. आत्ता केलीस तर पुढच्या वेळेला लागू."

"ग्लेंडा, पोटची मुलगी आहे माझी."

"माझी असती तरी हेच सांगितलं असतं. डेमोक्रॅटची हवी असेल तर ही घे."

रांगेतलं कुणीतरी खाकरलं. आडेलनं मागे उभ्या असलेल्या नवऱ्याची बाही धरली आणि त्याला डोनटच्या टेबलापाशी ओढत नेलं.

"अर्ल, तू अजून कुणाचा नाहीस ना? रिपब्लिकनची घे आणि रेनेला मत दे."

"मी डेमोक्रॅटची घेणार. डॅनीला शब्द दिलाय."

डॅनी डेमोक्रॅटांकडून शेरीफपदाला, म्हणजे पोलीसप्रमुख व्हायला, उभा होता. मासे पकडायला तो आणि अर्ल एकाच होडीत जायचे. तोही बाहेरच होता, रेनेच्या समोरच्या बाजूला, येईल त्याच्याशी हात मिळवत.

"पोरीपेक्षा तुला डॅनी मोठा झाला?"

"डॅनीनं निदान विचारलं, उभा राहू का म्हणून. तुझ्या लेकीनं विचारलं?"

"ती तुझी कुणीच नाही का?" आडेलचा आवाज चढला, तशी रांग वळून बघायला लागली. तिनं तो खाली आणला. "ऐक. माझ्या गळ्यात नाहीतरी ती डेमोक्रॅटची पडलीच आहे. मी तुझ्या डॅनीला मत देते. माझं तू रेनेला दे. कुणाचंच काही जात नाही."

"तुला तर डॅनी डोळ्यासमोर नको असतो."

"नकोच आहे. तरी देते."

अर्ल डोनट निरखत राहिला. मग म्हणाला, "बरं."

या 'बरं'चं काय करायचं, हे आडेलला लग्न झाल्यापासून कळलेलं नव्हतं. त्याच्यावर विसंबून कधी छपराची पन्हळ साफ झाली होती, तर कधी हिवाळ्यामागून हिवाळे तशीच तुंबून राहिली होती.

पडद्याआड तिनं आधी रेनेचं नाव शोधलं. ते या कागदावर असणार नव्हतं, हे माहीत असूनही पुन्हा एकदा शोधलं. मग डॅनीच्या नावापुढचा गोल काठोकाठ भरला. तोंड कडू झालं, पण शब्द म्हणजे शब्द. शेजारच्या पडद्याखाली अर्लचे बूट दिसत होते. तिचा गोल भरून होईपर्यंत ते निघूनही गेले.

तिनं आधी दारापाशी सही केली, मग ती बाहेर आली.

"आई, झालं? दिलंस?" रेनेनं विचारलं. वाऱ्यानं तिचं नाक लाल झालं होतं.

आडेलला आडपडदा जमत नसे. यादीचं, सहीचं, सगळं तिनं सांगून टाकलं. "म्हणून मी डॅनीला दिलं. तुला तुझ्या बाबांनी दिलंय."

"बाबांनी? मला?"

रेने वडिलांकडे बघत राहिली. आईचं मत गेलं, याचं तिला जणू काहीच वाटलं नव्हतं. तिचा चेहराच उजळला होता. अर्ल खिशात ट्रकची किल्ली शोधत होता.

"खरंच दिलंत, बाबा?"

"मतदान गुप्त असतं," अर्ल म्हणाला. "कायदाच आहे तसा."

रेनेनं पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि रस्त्याकडे पाहायला लागली. आडेल संतापली. जानेवारीतला भोंगा, ग्लेंडाची पट्टी, आत भरलेला तो गोल, सगळं एकदम आठवलं. तिनं लेकीच्या हातातून पाटी काढून घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"मत गुप्त असतं ना? पाटी नसते. दारं बंद होईपर्यंत इथं उभा राहा."

"आडेल, लोक बघतायत."

"बघू देत."

अर्लनं बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली आणि पाटी छातीशी धरली. आडेल म्हणाली, "वर." त्यानं ती वर केली.

समोरून डॅनीनं त्याला हाक मारायला हात उंचावला होता. लेकीचं नाव डोक्यावर धरून उभा राहिलेला अर्ल त्याला दिसला, आणि डॅनीचा हात हळूहळू खाली येऊन खिशात गेला.