बिननावाचं

सुताराचं बाळ जन्मलं आणि तासाभरात गेलं. बायको ऑपरेशनच्या गुंगीत होती. "बघितलं तर तिला सोसायचं नाही," म्हणत घरच्यांनी ती शुद्धीवर यायच्या आत सगळं उरकलं. त्यानंतर ती कुणाशी बोलेना आणि तिच्यापुढे कुणी विषय काढेना.

आठवड्याने तो मृत्यूचा दाखला काढायला कचेरीत गेला.

"आधी जन्माची नोंद करावी लागते," कारकूनबाई हळूच म्हणाल्या. "नाव ठरलं नसेल तर राहू दे."

"नको हो बाई! बिननावाचं नका धाडू त्याला."

खिडकीला धरूनच त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, बाळाचं नाव विचारतायत. तू म्हणशील ते लिहितो. बोल गं, तुझ्या पाया पडतो."

आठवड्यात पहिल्यांदाच ती बोलली.


"मुलगा होता, की मुलगी?"