एकही तक्रार नाही

"तक्रार काकूंनीच करायला हवी, काका. आठवणी त्यांच्या आहेत," सेवाकेंद्रातली मुलगी म्हणाली.

हेरंबरावांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. सोमवारी वत्सलाबाईंच्या आठवणी नेहमीसारख्या क्लाउडशी सिंक झाल्या आणि त्यांतून एकुलती एक लेक, मुग्धा, अख्खीच्या अख्खी गळून पडली. काल माहेरपणाला आलेल्या मुग्धाला त्यांनी दारातच विचारलं होतं, "कोण हवंय आपल्याला?"

"अहो, जिला आठवतच नाही, ती तक्रार कशाची करणार?" हेरंबरावांचा आवाज चढला.

"काही हरवलं की लोक कळवतातच, काका. सहा वर्षांत आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही." मुलीने वत्सलाबाईंपुढे स्क्रीन सरकवली. "काकू, सिंकनंतर काही कमी वाटतंय?"

"छे गं! उलट डोकं हलकं झालंय," असं म्हणत वत्सलाबाईंनी पाचही तारे दाबून टाकले.



"चला, लाडू वळायचे राहिलेत," वत्सलाबाई उठता उठता म्हणाल्या. मग दारापाशी थबकल्या. "सकाळी बेसनात वेलची घालायला हातच धजेना. आपल्याकडे वेलची कोणाला चालत नाही हो?"