वाळूवर माणूस नको

जानकी वर बघत नव्हती. सगळा गाव माना मोडेपर्यंत आभाळाकडे बघत होता, पार वेंगुर्ल्याहून माणसं आली होती, आणि जिच्या पोरीने विमानातून उडी मारली ती बाई सुरूच्या सावलीत बसून पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती.

"उघाडली गो, तुझ्या सृष्टीची छत्री उघाडली," शेजारची यशोदा म्हणाली.

"बरा झाला," जानकी म्हणाली आणि तिने मान आणखी खाली घातली.

छत्री उघडली म्हणजे सुटलो, असं यशोदेला वाटत होतं. जानकीला ठाऊक होतं की खरं संकट आता पुढेच आहे. सृष्टीनेच एकदा भाकरी खाताखाता सांगितलं होतं, छत्री न उघडून मरणारे थोडे. चांगली उघडलेली छत्री घेऊन जमिनीला टेकताना मरतात ते जास्त. त्यात हिची छत्री लहान आणि वेगाची. शेवटच्या क्षणाला ती मुद्दाम गिरकी घेऊन खाली झेपावते आणि वाळूच्या हातभर वरून सरळ धावत जाते, एस्टीला मागे टाकील अशी. लोक टाळ्या वाजवतात म्हणे. वाजवोत बापडे.

"आणि मधी काय आडवा इला तर?" जानकीने तेव्हा विचारलं होतं.

"तर गिरकी सोडूची आणि पाण्यात जावचा. पण ता दिसाक व्हया."

त्या दिवसापासून जानकीच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता.

भीतीने ती खाली बघत होती, म्हणून तिला ती रेघ दिसली. मोकळ्या वाळूवर एक बारीक काळी रेघ, माडापासून थेट पाण्यापर्यंत गेलेली. सावलीच होती ती, आणि थरथरत होती. जानकीने नजर थोडी वर उचलली. रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर होता. वाळूच्याच रंगाचा, कमरेइतक्या उंचीवर ताणलेला.

सकाळी बांगडा किनाऱ्याला लागला होता. बांगडा लागल्यावर उड्यांचा कार्यक्रम कोणाला सुचतो? रापणीवाल्या गंगारामने रापण टाकली. जाळं अजून पाण्यात होतं, वीस माणसं दोर ओढत होती, तेवढ्यात भोंग्यावरून कार्यक्रमाच्या साहेबांचा हुकूम आला की वाळूवर एकही माणूस नको. गंगाराम शब्द पाळणारा. त्याने दोर माडाला बांधला आणि वीसच्या वीस माणसं सुरूत आणून बसवली.

"गंगाराम," जानकी म्हणाली, "तो दोर."

"दोराचा काय?" तो वर बघतच म्हणाला. "साहेब म्हणालो वाळयेर माणूस नको. आसा कोण?"

"दोर आडवो आसा रे. तिका दिसाचो नाय."

गंगारामने दोराकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो माडाकडे धावला. ओली गाठ, त्यात समुद्राची ओढ. ती बोटांना कसली दाद देते! कोयता होडीत होता आणि होडी जाळ्यापाशी. वीस माणसांतला शिवा तो आणायला पोहत निघाला. माणसं दोर धरून उभी असती तर वरून नक्की दिसली असती. आता वरून किनारा साफ दिसत होता.

"फिरली गो," यशोदा म्हणाली. "गिरकी घेतल्यान."

जानकी उठली आणि धावली. गेली चार वर्षं गुडघ्यांमुळे ती देवळाची पायरीसुद्धा कुणाचा तरी हात धरून चढत होती. भोंग्यावरून साहेब ओरडत होते, "ओ बाई, मागे व्हा, मागे व्हा." तिने वाळूच्या मधोमध येऊन दोन्ही हातांनी दोर धरला. अंगावर लाल लुगडं होतं, तेवढंच काय ते दिसण्यासारखं. तिथून पळून जावं असं तिला फार वाटत होतं. एवढी भीती तिला बाळंतपणातही वाटली नव्हती. तिने डोळे मिटून घेतले. वरून नवं कापड टराटरा फाडावं तसा आवाज जवळ आला, डोक्यावरून गेला आणि पाण्यात काहीतरी धाडकन आपटलं.

सृष्टी लंगडत पाण्याबाहेर आली. भिजलेली छत्री मागून फरफटत होती.

"आये, मधी कित्याक इलंस? दोघांय मेलांव असतांव."

जानकी अजून दोर धरूनच होती. तिच्या मुठी सुटत नव्हत्या. सृष्टीने त्या मुठींकडे बघितलं, मग दोराकडे, मग पार माडापर्यंत. तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला. दोर बरोबर तिथे येत होता. 

गंगाराम मान खाली घालून आला. "चुकला माझा, बाय," एवढंच म्हणाला आणि त्याने दोराला हात घातला. त्याच्यामागून सुरूतले बाकीचेही येऊन एकेक करून दोर धरू लागले.

"तू जा आता, आये," सृष्टी म्हणाली. "ह्ये धरतले. तू सावलीत बस."

"वर आणखी कोण आसा?"

"एकच. सुशांत."

"त्येची आये खंय?"

"ती पुण्याक."

"मगे मी रवतंय हय," जानकी म्हणाली. तिने दोर नीट धरला आणि त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.